जीपमधला मुका रेडिओ

१

आप्पा गेले तेव्हा आमची जीप दारातच उभी होती. धुतलेली, टाकी फुल्ल, तोंड रस्त्याकडं. आमचे ड्रायव्हर अंगदमामा चावी फिरवत होते आणि गाडी नुसतं 'टक्' म्हणत होती. पुन्हा चावी, पुन्हा टक्.

मागच्या सीटवर आप्पांचं डोकं मोठ्या आईच्या मांडीवर होतं. आप्पा म्हणजे माझ्या पप्पांचे थोरले भाऊ, शिवशरणआप्पा; मोठी आई त्यांची बायको. सिरसाळ्यातली आमची धान्याची आडत मुळात त्यांनीच उभी केलेली. दिवेलागणीला त्यांच्या छातीत कळ आली, अंबाजोगाईला न्यायचं ठरलं, आणि गौरीच्या आधीच नवी बॅटरी घातलेली जीप जागची हलेना. गल्ली धावली. ढकलत ढकलत जीप पार पेट्रोल पंपापर्यंत नेली. मीपण ढकलत होते, माझी एक चप्पल त्या रस्त्यात कुठंतरी राहिली. शेवटी एक टेम्पो थांबला, पण तोवर मोठी आई म्हणाली, "आता घाई करू नका." इतक्या हळू आवाजात बोलताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं.

आमच्यात, लिंगायतांत, मातीत बसवून निरोप देतात. ते झालं आणि लातूरहून आलेला संगमेशदादा, आप्पांचा एकुलता मुलगा, अंगावरच्या मातीनिशी सरळ बाजारचौकात गेला. अंगदमामा तिथं हॉटेलच्या बाकावर मान खाली घालून बसले होते. दादानं त्यांना कॉलर धरून उठवलं.

"नवी बॅटरी आपोआप मरती का बे? दिवे चालू ठिवून गेलतास तू! माझ्या बापाला मारलंस!"

"देवाशपथ दिवे बंद होते, मालक," मामा म्हणाले.

दादानं मारलं. दोनदा मारलं. मामांचा ओठ फुटला. ज्यांना त्यांनी अडीअडचणीला दवाखान्यात पोचवलं होतं ती सगळी माणसं बाजूला उभी होती. त्यातलं एकही पुढं आलं नाही.

तेव्हापासून गावात कुणी अंगदमामांच्या हातात स्टिअरिंग दिलं नाही. दसरा झाला, ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा मुकादम दारात आला, आणि मामांनी त्याच्याकडून आगाऊ पैशांची उचल घेतली. उचल घेतली की जावंच लागतं.

त्यांची दिपाली माझ्याच बाकावर बसायची. शुक्रवारी ती शाळेत आली ती पुस्तकं परत करायला.

"आमी सोमवारी चाललो. कर्नाटकात कारखाना हाय."

"आणि दहावी?"

"दहावी तू कर," ती म्हणाली. "माझी सोय तुझ्या घरच्यांनी लावलीच की."

२

त्याच दिवशी घरी आले तर दारात जत्रा. जीपची सगळी दारं उघडी, आणि परळीचा पंडित, गाड्यांचे सेट बसवणारा, ड्रायव्हरच्या सीटवर आडवा पडून डॅशबोर्डात डोकं घातलेला. दादा आता जीप लातूरला नेणार होता आणि त्याला मुका रेडिओ नको होता. गाडीबरोबर आलेला कंपनीचा सेट. आप्पा गेल्यापासून त्यातून चकार शब्द निघाला नव्हता. बटण दाबलं की पडद्यावर चार आडव्या रेघा उमटायच्या, बस्स.

"सेट गेलाय, मालक," पंडितनं जाहीर केलं. "आता कसं करायचं ते सांगा. सेम कंपनीचा पायजे तर ऑर्डर करावा लागंल, महाग पडंल, पर फिट्ट बसंल. न्हाईतर ही घ्या मोठी स्क्रीन. नकाशा, व्हिडिओ, मागचा कॅमेरा, समदं. जरा फ्रेम कापावी लागंल."

"कापायची न्हाई," पप्पा म्हणाले. "आप्पांनी गाडीला ओरखडा पडू दिला न्हाई आन् तू फ्रेम कापतोस? भंगारातून सेम मॉडेलचा जुना सेट आण."

"भंगारातला?" दादा उखडला. "काका, कुठल्या जमान्यात हाव तुमी? स्क्रीनच बसवायची."

"कायच नको," उंबऱ्यातून मोठी आई म्हणाली. तिचं नाव महादेवी, पण सगळं गाव तिला काकू म्हणतं. "तो रेडिओ काढ आन् पत्रा लाव तिथं. मला गाण्याबिण्याचा आवाज नको त्या गाडीतून."

सगळे गप्प झाले. मी मात्र नाही. या वर्षी विज्ञान प्रदर्शनात तालुक्याला जाऊन आल्यापासून माझी अशी सवयच झाली आहे, मनात आलं की तोंडात येतं. "पंडितदादा, सेट मेलाय तर रेघा कशा उमटतात?"

"ताई, मेलेल्या माणसाचीबी नखं वाढतात म्हणं," तो हसला. मग आपण कुणाच्या दारात काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं जीभ चावली.

मी रेघांकडं बघत राहिले. आणि मला एकदम आठवलं. या रेघा मी आधी बघितल्या होत्या. आप्पा जिवंत असताना!

आप्पांचा तो शेवटचा दिवस. सकाळी ते परळीच्या मोंढ्याला, धान्यबाजारात, निघाले होते आणि वाटेत आम्हाला शाळेत सोडणार होते. मी आणि दिपाली मागं बसलो होतो. आप्पांनी बाजारभाव ऐकायला बटण दाबलं, रेघा आल्या, त्यांनी बोटाच्या पेरानं पडद्यावर टकटक केलं आणि म्हणाले, "काल तर चांगला बोलत होता की हा. कावून रुसला?"

मी दादाला म्हटलं, "उद्यापर्यंत थांब ना. मी शोरूममध्ये भाव विचारते, मग ठरवू." भावाचं नाव काढल्यावर पप्पा माझ्या बाजूनं झाले. पंडितनं सेट बाहेर ओढला होता, त्याच्या पाठीवरचा नंबर मी हातावर लिहून घेतला आणि गच्चीवर जाऊन, शक्य तितका जाडा आवाज काढून, कंपनीला फोन लावला.

पलीकडच्या बाईंनी नंबर घेतला, दोनचार गोष्टी विचारल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, नवीन सेट कशाला घेता? तुमचा बिघडलेला नाही. तो लॉक झालाय. चोरलेला सेट दुसऱ्या गाडीत चालू नये म्हणून तशी सोय असते. मालकांनी फोन केला की चार आकड्यांचा कोड देतो आम्ही, तो दाबला की चालू."

"पण लॉक कशानं होतो?"

"बॅटरीचं कनेक्शन तुटलं की. कुणी बॅटरी काढली होती का?"

मी कोडाचं न विचारताच फोन ठेवला.

३

आता कुणी म्हणेल, त्यात काय एवढं. दिवे चालू राहिले, बॅटरी पूर्ण उतरली, तेव्हाच झाला असेल लॉक. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण बॅटरी उतरली संध्याकाळी. रेघा मी बघितल्या सकाळी, पळत्या गाडीत! म्हणजे आदल्या दिवशीची बातमी ऐकवून रेडिओ झोपला, आणि उजाडायच्या आत कुणीतरी बॅटरीची वायर काढून पुन्हा जोडली होती.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी अंगदमामांच्या घरी गेले. कोयते गोणपाटात गुंडाळून ठेवलेले, भांडी एका बारदानात. दिपालीची पत्र्याची पेटी दाराशी. तिनं मला बघितलं आणि आत निघून गेली.

"मामा, त्या दिवशी सकाळी गाडी कशी सुरू झाली?"

"आता कशाला ते, ताई."

"सांगा ना."

मामांनी ओठावरच्या वणाला हात लावला. "कण्हली जरा. मला वाटलं गारठा हाय. परळीहून निघताना दुसऱ्या हिसक्याला लागली. मी आप्पांना म्हणलंबी, नवी बॅटरी अशी कावून करतीय. ते म्हणले, उद्या दाखवू."

"बॅटरीची वायर तुम्ही काढली होती? आदल्या दिवशी?"

"मी? मी कशाला काढू? अन् काढू तरी कशी? बॉनेटचा खटका गाडीच्या आत हाय. संध्याकाळी गाडी लॉक करून चावी आप्पांच्या हातात द्यायची, हे रोजचं. ते ती उशाखाली ठिवायचे. सकाळी त्यांनी दिली की मी गाडी उघडणार."

"आणि त्या सकाळी काही वेगळं घडलं? काहीही?"

त्यांनी गोणपाटाची गाठ आवळली. "न्हाई बा. काकू तेवढ्या बाहेर आलत्या. म्हणल्या, गाडी सुरू झाली का रे? म्हणलं, झाली. मग गेल्या आत."

आतून दिपाली बाहेर आली. "झालं का इचारून? आता हे समदं कुणाला सांगणार हायस? चौकात सांगशील?"

"दिपे, तू थांब ना इथं. आजी आहे की तुझी. दहावी तरी..."

"तिला मी ठिवणार न्हाई," मामा मध्येच म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "ज्या गावात तिच्या बापाला खुनी म्हणत्यात, तिथं पोरगी एकटी ठिवू? पाण्याला गेली तरी बाया तोंड फिरिवतात. शाळेत काय बोलतात ते तुला म्हाईत हाय, ताई. तू तिथंच असतीस."

मी तिथंच असते. मला माहीत होतं.

परत येताना मठ लागला. सप्ताहाचा मांडव अजून पुरता उतरवला नव्हता, एक कनात वाऱ्यानं फडफडत होती. आणि मी रस्त्यात थांबलेच. आप्पा गेले त्याच्या आदल्या रात्री गावाची विजेची डीपी मोठा आवाज करून जळाली होती. गाव सगळं काळंठिक्कर, मी मोबाईलच्या उजेडात भूमितीची प्रमेयं केली. पण अखंड शिवनाम सप्ताह चालू होता, आणि मठातून येणारा माईकचा आवाज एकदाही खंडला नव्हता.

वीज नव्हती. मग माईक कशावर चालला?

४

घरी पोचताच पप्पांना ओढत जीपपाशी नेलं आणि बॉनेट उघडायला लावलं.

आप्पांची एक खोड होती. भस्माच्या तीन बोटांसारखे तीन पांढरे पट्टे ते ऑइलपेंटनं घरातल्या प्रत्येक वस्तूवर ओढायचे. आडतीच्या पोत्यांवर, काट्यावर, फवाऱ्यावर, छत्रीच्या मुठीवर. माझ्या कंपासपेटीवरसुद्धा आहेत, वर्गातली पोरं मला 'आडत दुकान' म्हणून चिडवायची. गौरीच्या आधी बॅटरी आली तेव्हाही त्यांनी ब्रश घेऊन पट्टे ओढलेले मी बघितले होते.

बॉनेटखालच्या बॅटरीवर पट्टे नव्हते. तिच्यावर तेलकट धूळ होती आणि धुळीखाली कुंकवाचं पुसट स्वस्तिक.

"ही आपली न्हाई," पप्पा म्हणाले. मग परत म्हणाले, "ही आपली न्हाईच!"

ती चार्जिंगला नेली, आणून बसवली, पण कुणी नीट बघितलं नव्हतं. कशाला बघतील? दिवे चालू राहिले, हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं ना.

सप्ताहाची सगळी व्यवस्था बिभीषणतात्यांकडं असायची. त्यांचं आणि आप्पांचं या वर्षी कडाक्याचं भांडण झालं होतं, मठाच्या कमिटीतून आप्पांचं नाव काढलं म्हणून. आप्पांनी घरात ठणकावून सांगितलं होतं, मठाला आपल्या घरचा दाणाही जाणार नाही. तात्यांचा ट्रॅक्टर मठामागं उभा असतो. मी आणि पप्पा गेलो, बॅटरीच्या पेटीवरचं गोणपाट मी उचललं.

तीन पांढरे पट्टे.

मागून संगमेशदादा आला होता, मला कळलंही नव्हतं. तो तात्यांवर धावून गेला. "चोरट्या! मठाच्या नावानं चोऱ्या करतोस व्हय बे? तुझ्यामुळं माझा बाप गेला!"

पप्पांनी दादाला मागून मिठी मारून धरलं. तात्या पांढरेफटक पडले होते. त्यांनी हात जोडले.

"पोरा, चोरी न्हाई केली. डीपी जळाली तसा माईक बंद पडायला आला. सात दिवस नाव तुटू द्यायचं नसतं. ज्याची मिळंल त्याची बॅटरी आणली आमी. ट्रॅक्टरच्या, जीपच्या, सगळ्या एका रांगेत लावल्या. पहाटं अंधारात परत करताना गडबड झाली, ह्याची त्याला गेली. माझा ट्रॅक्टर पहिल्याच झटक्याला लागला तवा मला कळलं. म्हणलं, सांजच्याला बदलून देऊ. आन् सांजच्याला तर..." त्यांनी जोडलेले हात कपाळाला लावले. "मग भ्यालो. लई भ्यालो."

"आमच्या दारातून कुणी नेली? कुलूप लावलेल्या गाडीतून?" पप्पांनी विचारलं.

"नेली न्हाई. दिली. हातानं उघडून दिली."

"कुणी?"

तात्यांनी मान हलवली. "मारायचं तर मारा. नाव न्हाई सांगणार. मठाच्या पायरीवर शब्द दिलाय मी."

५

रविवारी सकाळी पंडित मोठी स्क्रीन घेऊन हजर झाला. दादानं त्याला बसायला सांगितलं. मी पप्पांना फोन करायला लावून कोड घेतला होता. पंडितनं वायरी जोडून सेट पुन्हा खाचेत सरकवला, मी जीपमध्ये चढले आणि चार आकडे दाबले.

रेघा गेल्या. जरा खरखर झाली, आणि एक बाई कापसावरच्या बोंडअळीबद्दल बोलायला लागली. इतका स्वच्छ आवाज की पंडित म्हणाला, "आयला." उंबऱ्यात मोठी आई होती. तिनं दाराची चौकट धरली.

"स्क्रीन परत ने," दादा पंडितला म्हणाला. "कायबी बदलायचं न्हाई. चांगला हाय सेट."

पंडित गेला. मी रेडिओ बंद केला. अंगणात आम्ही चौघंच उरलो: पप्पा, दादा, मोठी आई, मी. तालुक्याला परीक्षकांपुढं बोलणं याहून सोपं होतं.

"अंगदमामांनी दिवे चालू ठेवले नव्हते," मी म्हणाले. "आदल्या रात्री चांगली बॅटरी गाडीतून गेली आणि पहाटे जुनी आली. जुनीनं दिवसभर कशीबशी ओढली आणि संध्याकाळी जीव सोडला. वायर काढली तेव्हा रेडिओ लॉक झाला. बॅटरीचं तर तात्यांनीही कबूल केलं."

"दिली कुणी ते सांग," दादा म्हणाला.

"गाडीला कुलूप होतं. काच फुटलेली नाही, दार उचकटलेलं नाही. खटका आत. म्हणजे चावीनं दार उघडलं. एक चावी आप्पांच्या उशाखाली, आणि आप्पा तर मठाला द्यायच्या विरोधात. मामांकडं रात्री चावी नसायचीच. तू लातूरला होतास. दुसरी चावी..."

मी थांबले. दुसरी चावी कुठं असते ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कपाटाच्या, कोठीच्या, देवघराच्या चाव्यांबरोबर एकाच जुडग्यात, एकाच कमरेला. ते जुडगं पप्पांनासुद्धा मागून घ्यावं लागायचं.

"आणि त्या सकाळी मामांना कुणीतरी विचारलं, गाडी सुरू झाली का," मी म्हणाले. "त्याआधी कधीच कुणी विचारलं नव्हतं."

"बस कर, रुचिका," मोठी आई म्हणाली. "पुढचं मी सांगते."

ती उंबऱ्यावर बसली.

"माझ्या सासूच्या हयातीत नाव तुटलं न्हाई. मी सून म्हणून आले तवापासून न्हाई. माईक बारीक बारीक व्हत गेला तसा माझा जीव तुटायला लागला. तात्या मागच्या दारी आले. म्हणले, वहिनी, एका रात्रीचा सवाल हाय. ह्यांना उठवलं असतं तर ह्यांनी दिली नसती. म्हणून मी उठवलं न्हाई. पहाटं परत बसवायलाबी मीच दार उघडलं." ती जुडग्याशी चाळा करत होती. "सकाळी गाडी लागली. मला वाटलं, निभावलं."

दादा भिंतीला टेकून उभा होता. "आई, मी अंगदला मारलं. समद्या बाजारासमोर."

"बॅटरीमुळंच झालं हे मला कळलं व्हतं त्याच दिवशी. तू मारून आलास आन् हात धुवायला पाणी मागितलंस, मीच वतलं. तोंडापर्यंत आलतं. पर मग तू इचारलं असतंस, आई, मग बापाला मारलं कुणी? त्याला काय सांगितलं असतं मी?"

शेजारच्या अंगणात कुणीतरी ज्वारी पाखडत होतं, त्याचा आवाज येत होता.

मग पप्पा म्हणाले, "झालं ते झालं. आता हे घरातच राहू द्या. अंगदला बोलवू, परत कामावर घेऊ. माणूस चांगला हाय, मनात ठिवणार न्हाई."

"हां. गुपचूप," दादा म्हणाला. "आईचं नाव नको निघायला."

मला काय झालं कोण जाणे. "मारलं ते गुपचूप मारलं होतं का?" मी ओरडलेच. "चौकात मारलं! त्यांची दिपाली उद्या चाललीय, पप्पा! मामा तिला फक्त एवढ्यासाठी नेतायत की या गावात ते खुनी आहेत. आणि आपण त्यांना गुपचूप कामावर घेणार?"

पप्पांनी हात उगारला. मारला नाही. पण माझ्यावर तो पहिल्यांदा उगारला गेला. मोठी आई तेव्हा उठली आणि काही न बोलता देवघरात गेली, आणि तिनं दार लावून घेतलं.

६

सोमवारी सकाळी चौकात ट्रक उभा होता. तोडीला जाणारी कुटुंबं सामान चढवत होती, लेकरं, कोंबड्या, चुलीचे दगड, सगळं वर. मुकादम ज्याचं त्याचं नाव घेऊन ओरडत होता. अंगदमामा ट्रकच्या फाळक्यावर उभे राहून खालून बारदानं घेत होते. दिपालीची पेटी वर गेली होती.

मी शाळेच्या गणवेशात, दप्तरासकट एका कडेला उभी होते. काय करणार होते? मी एकटी ओरडले असते तर लोक म्हणाले असते, आडतवाल्यांची पोर शहाणपणा करती. तरी मी तोंड उघडायच्या बेतात होते, तेवढ्यात सगळा चौक वळून बघायला लागला.

मोठी आई येत होती. आप्पा गेल्यापासून ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. पायात काही नाही, डोक्यावर पदर, सोबत कुणी नाही. ती सरळ ट्रकपाशी आली.

"अंगद, खाली ये."

मामा उतरले. "काकू, तुमी कशाला आलात? निरोप धाडायचा."

"घरात सांगून भागणारं न्हाई." तिनं चौकावरून नजर फिरवली, हॉटेलच्या बाकावरून, पानटपरीवरून. मग आवाज चढवला. तो मध्येच चिरकला, तरी ती थांबली नाही. "ऐका समदे! ह्यानं दिवे चालू ठिवले नव्हते. गाडीची चांगली बॅटरी मी दिली. माझ्या हातानं, मालकाला न इचारता. जुनी बसली म्हणून गाडी लागली न्हाई. माझ्या पोरानं ह्याला मारलं तवा मला म्हाईत व्हतं आन् मी गप बसले. माझा मालक ह्याच्यामुळं न्हाई गेला. माझ्यामुळं गेला."

हॉटेलवाल्याच्या कढईतलं तेल तेवढं तडतडत होतं. दोन बायांनी एकमेकींकडं बघितलं आणि त्या एक पाऊल मागं सरकल्या. आजवर मोठी आई रस्त्यानं निघाली की याच बाया वाकून पाया पडायच्या.

"तू परत कामावर ये," मोठी आई म्हणाली. "मुकादमाशी मी बोलते."

"न्हाई काकू," अंगदमामा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं. "तुमच्या गाडीत आता माझ्यानं बसवणार न्हाई." मग ते वळले, ट्रकवर चढले, आणि सगळ्यांच्या सामानाखाली गेलेली पत्र्याची पेटी त्यांनी एकट्यानं उपसून काढली. ती फाळक्यावरून खाली सोडताना ते दिपालीला एवढंच म्हणाले, "आजीकडं ऱ्हा. परीक्षा झाली की फोन कर."

दिपालीची आई पदर तोंडात धरून वर बसली होती. ट्रक निघाला. तो वळणापलीकडं जाईपर्यंत दिपाली हलली नाही.

मी धावत गेले आणि पेटीची एक कडी धरली. "चल, दोघी मिळून नेऊ."

"तू न्हाई," दिपाली म्हणाली.

तिनं दुसरी कडी धरली होती आणि ती मोठ्या आईकडं बघत होती. सगळा बाजार बघत होता. मोठ्या आईला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं पदर कमरेला खोचला, चाव्यांचं जुडगं खळखळलं, आणि मी सोडलेली कडी धरायला ती वाकली.

आजीचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. दोघी भर बाजारातून निघाल्या. मोठ्या आईला ओझ्याची सवय नव्हती, पेटी सारखी तिच्या बाजूनं खाली झुकत होती. दिपाली पावलं हळू टाकत नव्हती.

मी मागं मागं चालत राहिले. मध्ये यायची मला मुभा नव्हती.